सपाट जमिनीचं निमित्त

श्रोतेहो, नमस्कार.

नेदरलँड्समधल्या सायकलींचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "अहो, तो देश सपाट आहे, तिथे चढ कुठला?" आणि दुसरं, "त्यांच्या रक्तातच आहे ते." पहिलं अर्धं खरं आहे. दुसऱ्यात फारसा अर्थ नाही, आणि आजचा बराचसा वेळ मी त्या दुसऱ्यावरच घालवणार आहे.

सपाटपणाचं आधी उरकून टाकू. देश सपाट आहेच, पण समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला तिथे अडवायलाही काही नाही, आणि तोंडावरचा वारा झेलत पॅडल मारणं चढापेक्षा काही सोपं नसतं. अमेरिकेतलं फ्लोरिडा राज्य असंच सपाट, वर हवा उबदार. पण सायकलस्वारांच्या अपघाती मृत्यूंच्या प्रमाणात ते त्या देशातल्या अगदी वरच्या राज्यांत मोडतं. उलट फिनलंडमधलं औलू शहर उत्तर ध्रुववृत्तापासून दोनेकशे किलोमीटरवर आहे आणि तिथली मुलं भर हिवाळ्यात सायकलने शाळेत जातात, कारण शाळा भरायच्या आत सायकलमार्गावरचा बर्फ काढलेला असतो. तेव्हा नुसता नकाशा आणि हवामान पाहून काही ठरवता येत नाही.

आता रक्ताचं. दुसऱ्या महायुद्धाआधी डच माणूस खूप सायकल चालवायचा, हे खरं. पण त्या काळात इंग्रज माणूसही चालवायचा, आणि पुणेकरही. युद्धानंतर हातात पैसा आला, तशा मोटारी आल्या आणि डच शहरांनी त्यांच्यासाठी पायघड्या घातल्या. चौकांचे पार्किंग झाले, जुन्या इमारती पाडून रस्ते रुंद झाले. उट्रेख्त शहराने तर जुन्या तटाभोवतीच्या कालव्याचा एक भाग बुजवून तिथे मोठा रस्ता केला. (तो रस्ता उखडून २०२० मध्ये पुन्हा पाणी सोडलं, ही पुढची गोष्ट.) १९६७ मध्ये डेव्हिड जोकिनेन नावाच्या अमेरिकी तज्ज्ञाने ॲमस्टरडॅमच्या पोटातून हमरस्ते नेण्याचा आराखडा मांडला होता. तो अमलात आला नाही, पण त्याचा गांभीर्याने विचार झाला, यावरून तेव्हाचं वारं कुठल्या दिशेचं होतं ते कळतं. सायकलींची संख्या वर्षागणिक घसरत होती. रक्तातली गोष्ट अशी वीस वर्षांत ओसरत नाही.

१९७१ साली त्या चिमुकल्या देशात, जेमतेम १ कोटी ३० लाख वस्तीत, सुमारे ३,३०० माणसं रस्त्यावर मेली. त्यांत ४०० हून अधिक मुलं होती. व्हिक लांगेनहॉफ या पत्रकाराची मुलगी अशाच अपघातात गेली. त्याने वर्तमानपत्रात जो लेख लिहिला त्याचं शीर्षक होतं 'बालहत्या थांबवा'. डचमध्ये 'स्टॉप दे किंडरमोर्ड'. अपघात नव्हे, हत्या. या शीर्षकाचं आंदोलन झालं. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले, सायकलींचे मोर्चे निघाले, शिष्टमंडळं थेट संसदेपर्यंत गेली. ॲमस्टरडॅममधल्या दे पाइप या दाटीवाटीच्या वस्तीत तर १९७२ साली मुलांनी स्वतःच आपली गल्ली अडथळे लावून बंद केली. खेळायला जागा नाही, म्हणून. मोटारवाले अडथळे हटवायला आले आणि हमरीतुमरी झाली. आज ज्यांना आपण जन्मजात सायकलप्रेमी समजतो, त्यांचेच हे बापजादे! पुढच्याच वर्षी तेलसंकट आलं. नोव्हेंबर १९७३ पासून काही रविवार मोटारी बंद ठेवाव्या लागल्या आणि हमरस्त्यांवर लोक सायकली घेऊन, स्केट घालून फिरले. आंदोलन आधीपासून पेटलेलं होतं, तेलसंकटाने सरकारला वाकायला निमित्त दिलं.

सरकारने लगेच सगळं बरोबर केलं असंही नाही. तिल्बुर्ख आणि हेग या शहरांत सत्तरच्या दशकाच्या मध्यावर सरकारी पैशातून प्रत्येकी एक झकास सायकलमार्ग बांधला गेला. हेगमधले दुकानदार चिडले, गिऱ्हाईक तुटेल म्हणाले. मार्ग झाले, लोक त्यांच्यावरून गेलेही, पण शहरात एकूण सायकल चालवणं काही वाढलं नाही. कारण उघड होतं. घरापासून त्या मार्गापर्यंत आणि मार्गापासून कामापर्यंत पुन्हा तोच जीवघेणा रस्ता. मग ऐंशीच्या दशकात डेल्फ्ट शहरात एका मार्गाऐवजी अख्खं जाळं विणलं: मोठे मार्ग, मधले मार्ग, गल्लीबोळ, जिथे दुवा तुटत होता तिथे लहानसा पूल किंवा बोगदा. तिथे सायकल वाढली.

आता एक डच चौक डोळ्यांसमोर आणा. तिथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, हे लक्षात ठेवा. चौकाच्या कोपऱ्यावर एक छोटं दगडी बेट आहे. लाल डांबराचा सायकलमार्ग चौकाशी येताना रस्त्यापासून साधारण एका मोटारीच्या लांबीएवढा, पाचेक मीटर, आत सरकलेला आहे. उजवीकडे वळणारी मोटार बेटाला वळसा घालते, वळण पुरं करते आणि मग सायकलमार्गापाशी येते. म्हणजे सायकलवाली मुलगी चालकाला समोरच्या काचेतून दिसते, आरशात शोधावी लागत नाही. शिवाय मोटारीला थांबायला नेमकी एका गाडीची जागा मिळते, त्यामुळे मागून कुणी हॉर्न वाजवत नाही. गल्लीच्या तोंडाशी तर आणखी गंमत. तिथे फुटपाथ आणि सायकलमार्ग तुटत नाहीत, त्याच उंचीवर, त्याच रंगात सरळ पुढे जातात. गल्लीत शिरायचं तर मोटारीनेच त्यावर चढायचं आणि पलीकडे उतरायचं. पोलीस नाही, "सावकाश चालवा" अशी पाटी नाही. कुणाच्या जागेत कोण शिरलंय, ते चाकाखालच्या उंचवट्यानेच समजतं. हे सगळं प्रत्येक शहराने आपापल्या अकलेने केलेलं नाही. क्रो नावाची एक संस्था त्याची मापं छापते आणि देशभरातले अभियंते तीच वापरतात. इतकं कंटाळवाणं पुस्तक आणि इतका मोठा परिणाम, असं उदाहरण विरळाच.

कायदाही आहे. वाहतूक कायद्याच्या कलम १८५ नुसार मोटार आणि सायकलची धडक झाली तर भरपाईचा भार मुळात मोटारीकडे जातो, आणि सायकलस्वार १४ वर्षांखालचा असेल तर जवळजवळ पूर्णच. इथे कुणाला तुरुंगात टाकण्याचा संबंध नाही, विम्याचा मामला आहे. पण माझ्या मते या कायद्याला लोक गरजेपेक्षा जास्त श्रेय देतात. माणूस गाडी चालवताना कलम आठवत नाही, उंचवटा मात्र त्याला जाणवतो.

कुणी म्हणेल, म्हणजे मार्ग बांधले की झालं. तर इंग्लंडमधल्या स्टीव्हनेजकडे बघा. युद्धानंतर वसवलेलं हे नवं शहर. तिथले मुख्य अभियंता एरिक क्लॅक्स्टन यांनी पन्नाशीच्या दशकापासून, म्हणजे डच आंदोलनाच्या खूप आधी, उत्तम सायकलमार्ग बांधले. स्वतंत्र, रुंद, चौकांखालून जाणारे बोगदेसुद्धा. लोक काय करत होते? मोटार चालवत होते. कारण क्लॅक्स्टन यांनी मोटारींचे रस्तेही तितकेच ऐसपैस केले होते. न अडकता दहा मिनिटांत पोचता येतं आणि गाडी दारात लावता येते म्हटल्यावर पावसात सायकल कोण काढणार? कामाला सायकलने जाणाऱ्यांचं प्रमाण तिथे शंभरात तीनच्या आसपासच राहिलं, बाकीच्या ब्रिटनसारखंच. याच्या उलट उट्रेख्तजवळचं हाउटन. तिथे एका भागातून शेजारच्या भागात मोटारीने सरळ जाताच येत नाही. बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यावर जायचं, वळसा घालायचा आणि पुन्हा आत शिरायचं. सायकल मात्र मधून थेट जाते, शाळेत, स्टेशनवर, बाजारात. मोटारीला बंदी नाही, फक्त वळसा आहे. या दोन गावांतला फरक मला सगळ्या चर्चेचं मर्म वाटतो, आणि राजकारण्यांना नेमका हाच भाग नको असतो. सायकलमार्गाची फीत कापायला सगळे येतात. मोटारीला वळसा घालायला लावतो, असं निवडणुकीत कोण सांगणार?

पुण्याच्या जुन्या श्रोत्यांना हे ऐकताना काय आठवत असेल, याची मला कल्पना आहे. तासावर मिळणारी भाड्याची सायकल, डबलसीट धरणारा पोलीस, दिव्याशिवाय सायकल म्हणून झालेला दंड, खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटल्यावर रस्ताभर वाहणारा लोंढा. डच आईबाप रस्त्यावर उतरले त्याच सुमारास, १९७२ मध्ये, आकुर्डीत बजाजची चेतक बनू लागली आणि ल्यूनाही त्याच वर्षी आली. चेतकसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा यादी असायची. यात कुणाला दोष देण्यात अर्थ नाही; सायकलवरून घामाघूम होऊन कामावर जाणाऱ्याला स्कूटर हवीशी वाटणारच. पण डच लोकांनी निर्णय घेतला तेव्हा त्यांच्या रस्त्यावर अजून बऱ्याच सायकली होत्या, म्हणजे भांडायला माणसं होती. आपल्याकडे २००६ नंतर बीआरटीच्या, म्हणजे बससाठी राखलेल्या मार्गिकांच्या, जोडीने सायकल ट्रॅक आले, तोवर सायकलवाला मतदार म्हणून संपला होता. म्हणून ट्रॅकवर पेव्हर ब्लॉक, मध्ये झाड, मग विजेचा डीपी, मग रसवंती, लावलेल्या दुचाक्या, आणि चौक आला, म्हणजे जिथे खरी गरज तिथे, ट्रॅक गायब.

उशीर झाला की संपलं, असं मात्र नाही. स्पेनमधल्या सेव्हियात सायकलची कसलीच परंपरा नव्हती आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. २००३ च्या महापालिका निवडणुकीनंतर शहराच्या सत्ताधारी आघाडीत सायकलमार्गांचा आग्रह धरणारा पक्ष आला. २००६ पासून मोजक्या वर्षांत तिथे सुमारे १२० किलोमीटरचं, कठड्याने वेगळं केलेलं आणि एकमेकांना जोडलेलं जाळं उभं राहिलं. जागा मोटारींच्या पार्किंगमधून काढली. सायकलफेऱ्या दहापटीच्या आसपास वाढल्या. एकेक रस्ता सुटा सुटा केला असता तर प्रत्येक दुकानदाराशी वेगळं भांडण झालं असतं. त्यांनी सगळं एका दमात केलं.

डच पद्धत त्याहून संथ आहे. तिथे गटारं, नळ बदलायला दोन-तीन दशकांनी रस्ता उकरावाच लागतो. बुजवताना तो जुन्या आखणीने बुजवत नाहीत, त्या वेळच्या नव्या मापांनी पुन्हा बांधतात. असा एकेक रस्ता करत पन्नास वर्षांत देश बदलला, आणि खर्चाचा मोठा वाटा तसाही होणारच होता. पुणे महापालिकेनेही २०१६ मध्ये रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वं तयार केली. जंगली महाराज रस्त्याचा रुंद फुटपाथ त्याच सुमाराचा. पण शहरातले बाकीचे शेकडो रस्ते तेव्हापासून कितीदा उकरले गेले ते तुम्ही बघताच आहात. खोदकामात आपण कुणाला हार जाणार नाही. फक्त खोदणारं खातं एक, बुजवणारं दुसरं, आणि रस्ता परत मिळतो तो होता तसाच, वर एक उंचवटा जादा, तोही नको तिथे.

नमस्कार.