बॅग तिथेच राहू द्या!

(पडद्यावर : अंधारलेली धावपट्टी. दूरवर ज्वाळा.)

२ जानेवारी २०२४. टोकियोचा हानेडा विमानतळ. संध्याकाळचे पावणेसहा वाजून गेलेत. साप्पोरोहून आलेलं जपान एअरलाइन्सचं एअरबस ए-३५० धावपट्टीवर टेकतं आणि समोर उभ्या असलेल्या तटरक्षक दलाच्या छोट्या विमानावर आदळतं. ते बिचारं आदल्या दिवशीच्या नोटो भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालं होतं. त्यातल्या सहांपैकी पाच जण वाचले नाहीत.

ए-३५० पेटलेल्या अवस्थेत घसरत राहिलं. पुढचं चाक मोडलं, नाक जमिनीला टेकलं. आत ३७९ माणसं. खिडक्यांबाहेर नारिंगी उजेड, केबिनमध्ये धूर, आणि उद्घोषणा यंत्रणा बंद. क्रूच्या हाती उरला भोंगा आणि स्वतःचा गळा.

(पडद्यावर : दरवाज्यापाशी खाली दुमडलेली छोटी सीट. पट्टा लावून बसलेली एअर होस्टेस.)

विमान उडताना आणि उतरताना ही समोर बसलेली मुलगी गप्प का असते, असा प्रश्न कधी पडलाय? ती उजळणी करत असते. माझं दार कोणतं, हँडल कुठल्या दिशेला फिरतं, ओरडायचं काय, मदतीला कोणता धडधाकट प्रवासी घ्यायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं : आधी दाराच्या खिडकीला डोळा, मगच हँडलला हात. बाहेर आग असताना दार उघडलं, तर ती आत येणार.

हानेडाला आठ दारांपैकी वापरता येण्याजोगी तीनच उरली होती. मागच्या बाजूच्या क्रूचा कॉकपिटशी संपर्क होईना. विचारायचं कोणाला? त्यांनी बाहेर पाहिलं, आग नाही याची खात्री केली, आणि मागचं डावं दार आपल्याच अधिकारात उघडलं. विमान नाकावर झुकलेलं, त्यामुळे मागची घसरगुंडी भलतीच उभी. तरी माणसं उतरली.

(पडद्यावर : जुनी छायाचित्रं. जळालेला विमानाचा सांगाडा.)

हे शहाणपण स्वस्तात आलेलं नाही.

२२ ऑगस्ट १९८५, मँचेस्टर. ब्रिटिश एअरटूर्सचं बोइंग ७३७ उड्डाणासाठी धावत असताना धप्पकन आवाज झाला. टायर फुटला असेल किंवा पक्षी आदळला असेल, असं वैमानिकांना वाटलं. उड्डाण रद्द झालं, ब्रेकही बेतानेच लावले गेले. प्रत्यक्षात डावं इंजिन फुटून त्याच्या तुकड्याने पंखातल्या इंधनटाकीला भोक पडलं होतं. विमानाने जमीन सोडलीच नव्हती. तरी ५५ जण गेले, त्यातले ४८ धुराने.

पंखावरच्या आपत्कालीन दाराशेजारी एक प्रवासी बाई होती. ती दार उघडायला सरसावली आणि घाईत स्वतःच्या खुर्चीचा हातच ओढत राहिली. शेजारणीने हँडल खेचलं, तेव्हा जवळजवळ २२ किलोचं ते दार आत त्या पहिल्या बाईच्याच अंगावर पडलं. तिला दोष कसा देणार? ते दार कसं उघडतं, हे तिला कोणी हातात धरून दाखवलंच नव्हतं.

पुढे ब्रिटनमधल्या क्रॅनफिल्ड संस्थेच्या संशोधक हेलन म्युअर यांनी एक साधीच युक्ती केली. जमिनीवरच्या विमानात स्वयंसेवक बसवले आणि सांगितलं, आधी बाहेर पडणाऱ्या निम्म्यांना पाच पौंड जास्त. झालं! एरवी शिस्तीत उतरणारी माणसं खुर्च्यांवरून चढू लागली, दारात एकमेकांत अडकली. पाच पौंडांसाठी ही गत, तर जिवासाठी काय होईल? पुढच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली : क्रू ठामपणे ओरडला, ढकलू लागला, की केबिन लवकर रिकामी होते. मघाशी हसून पाणी देणारी मुलगी अचानक अंगावर ओरडते, ते याचसाठी.

(पडद्यावर : डोक्यावरचा सामानाचा कप्पा. उघडणारा हात.)

नियम सांगतो, निम्मी दारं बंद ठेवूनही ९० सेकंदांत विमान रिकामं झालं पाहिजे. २००६ मध्ये हॅम्बुर्गला ए-३८० च्या चाचणीत ८७३ माणसं ७८ सेकंदांत उतरली. मात्र तिथे धूर नव्हता, आणि कप्प्यातल्या लॅपटॉपची कोणाला काळजीही नव्हती. २०१६ मध्ये दुबईत एमिरेट्सचं विमान धावपट्टीवर कोसळलं. त्या वेळच्या मोबाइल चित्रणात धूर दिसतो, आरडाओरडा ऐकू येतो, आणि वरचे कप्पे उघडून बॅगा काढणारी माणसं दिसतात. तीनशेही जण वाचले. आग विझवताना एक अग्निशमन जवान मात्र गेला. खरं सांगायचं तर, सूचना सुरू झाल्या की मोबाइलमध्ये डोकं घालणाऱ्यांत आम्हीही आहोत.

(पडद्यावर : पुन्हा हानेडा.)

इथे प्रवाशांनी बहुतांशी ऐकलं. मोकळ्या हातांनी उतरले. सगळे गेल्यासारखे वाटल्यावर कॅप्टन रांगेरांगेत बघत मागे गेला. अजून काही जण आत सापडले, त्यांना बाहेर काढलं. तो स्वतः शेवटी उतरला, तेव्हा विमान टेकल्याला अठरा मिनिटं झाली होती. ३७९ पैकी ३७९ बाहेर.

त्यानंतर विमान जळत राहिलं. छप्पर खाली आलं, आणि त्याबरोबर डोक्यावरचे सगळे कप्पे, त्यांतल्या बॅगांसकट.