बी थांबतं, गाय थांबत नाही

बर्फाळ डोंगराच्या पोटात शिरणारं हे दार नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या जागतिक बियाणे कोठाराचं. २००८ साली ते उघडलं. आत उणे १८ अंश तापमान आणि जगभरच्या बियाणे बँकांनी ठेवायला दिलेली पाकिटं. नीट वाळवून गारठ्यात ठेवलं, की बहुतेक पिकांचं बी कित्येक दशकं दम धरतं.

सीरियातल्या युद्धात अलेप्पोजवळची बियाणे बँक शास्त्रज्ञांना सोडावी लागली. २०१५ मध्ये त्यांनी इथून आपली पाकिटं परत मागवली, लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरली आणि २०१७ मध्ये ताजं बी इथे आणून ठेवलं.

दम धरतं म्हणजे अमर होतं, असं मात्र नाही. अधूनमधून उगवण तपासायची, ती घटली की पेरून नवं बी धरायचं. मेख इथेच आहे. मक्याची फक्त टपोरी, देखणी कणसं बियाण्याला काढली, तर काही हंगामांत जुन्या वाणातलं वैविध्य गळून जातं. नाव तेच राहतं, पीक वेगळंच. शेजारच्या संकरित मक्याचे परागकण वाऱ्यावर येतात, ते आणखी निराळं.

आता गाय. वळूचं रेत, म्हणजे वीर्य, द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर टिकतं. पण त्यात जात अर्धीच असते. त्या जातीची गायच उरली नसेल, तर दुसऱ्या जातीच्या गायीत रेतन करायचं. पहिल्या कालवडीत जुन्या जातीचा वाटा निम्मा. तिला पुन्हा तेच रेत, की पाऊण. पाचव्या पिढीत सुमारे ९७ टक्के. एक पिढी तीन वर्षांची धरली, तर पंधरा वर्षं गेली! शिवाय मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे तिच्यातले सूक्ष्म घटक, आईकडून येतात, ते जुन्या जातीचे कधीच मिळत नाहीत.

न्यूझीलंडच्या दक्षिणेला एन्डर्बी बेट आहे. तिथली मोकाट गुरं शंभरेक वर्षं एकटी वाढली. बेटावरची झाडंझुडपं वाचावीत म्हणून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती मारली गेली. एक जीव वाचवायला दुसरा संपवायचा, हा व्यवहार सरळ नसतोच. रेत साठवलेलं होतं. पुढे एक गाय जिवंत सापडली. तिचं नाव लेडी. १९९८ मध्ये तिचा क्लोन, म्हणजे तिच्याच पेशीपासून घडवलेली हुबेहूब प्रत, जन्मला, तेव्हा कुठे या जातीला दुसरी मादी मिळाली.

म्हणून गोठवलेल्या साठ्याबरोबर चरणारा कळप हवाच. कळप लहान असेल, तर वळू वेळेवर बदलावा लागतो, नाहीतर तो आपल्याच लेकींना लागतो. त्यासाठी पाळणारे आपसांत वळू बदलतात, वंशाच्या नोंदी ठेवतात. पण संकरित गायीच्या निम्मंही दूध न देणारी गाय त्यांनी स्वतःच्या खर्चाने सांभाळावी, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. क्लोनिंगला पैसा मिळतो. कळप असतानाच तो पाळणाऱ्याला दिला, तर काम कितीतरी स्वस्तात होतं.