कोठारातलं विमान, कारखान्यातलं विमान

नमस्कार मित्रहो. विमानांचे कारखाने आणि स्वतःच्या हाताने विमान बांधणारी एकटीदुकटी माणसं, हा आजचा विषय. या दोघांच्या गोष्टी बहुतेक वेळा वेगवेगळ्या सांगितल्या जातात. मला त्या एकत्र सांगायच्या आहेत, कारण सुरुवातीला ती एकच गोष्ट होती. राइट बंधू सायकलवाले. त्यांच्या १९०३च्या विमानाचं इंजिन त्यांच्याच दुकानातल्या चार्ली टेलरने सुमारे सहा आठवड्यांत घडवलं. लुई ब्लेरियो मोटारींचे दिवे विकायचा. विल्यम बोइंग लाकडाचा व्यापारी. विमानाचा कारखाना म्हणजे काय, हे यांतल्या कुणालाच आधी माहीत नव्हतं.

पण आज मी मुख्यतः बोलणार आहे ते जेफ्री डी हॅविलँडबद्दल, आणि इंग्लंडमधल्या फार्नबरो या गावाबद्दल. तीन प्रसंग आहेत, तिन्ही वेळा आपण फार्नबरोलाच पोचणार आहोत.

पहिला प्रसंग १९०९चा. डी हॅविलँड तेव्हा सत्तावीस वर्षांचा. आजोबांनी वारशातले हजार पौंड आधीच हातात ठेवले आणि त्याने नोकरी सोडली. इंजिनाचा आराखडा स्वतः काढला. फ्रँक हर्ल नावाचा मित्र सोबतीला, आणि पंखांचं कापड बायकोने, लुईझने, शिवलं. डिसेंबरात विमान उतारावरून धावलं, जमिनीवरून उठलं आणि तेवढ्यात पंख मोडून कोसळलं. माणूस वाचला, इंजिनही वाचलं. तेच इंजिन बसवून त्याने दुसरं विमान बांधलं आणि १९१०मध्ये ते नीट उडालं. ब्रिटिश युद्धखात्याने ते ४०० पौंडांना विकत घेतलं आणि विमानाबरोबर माणसालाही नोकरीवर घेतलं, फार्नबरोच्या सरकारी बलून फॅक्टरीत. पुढे हीच जागा ब्रिटनमधलं विमानसंशोधनाचं मोठं केंद्र झाली.

दुसरा प्रसंग आँरी मिन्ये या फ्रेंच माणसाचा. विमान सामान्य माणसाला बांधता आणि उडवता यावं, हा त्याचा ध्यास. १९३४ साली त्याने ‘पू द्यु सिएल’चा आराखडा पुस्तकातून लोकांपुढे ठेवला. नावाचा अर्थ ‘आकाशातली ऊ’. इवलंसं विमान, एकामागे एक असे दोन पंख, सारं नियंत्रण हातातल्या एका दांडीवर, पायांना काही कामच नाही. फ्रान्स-ब्रिटनमध्ये लोक वेडे झाले. गॅरेजांत, गोठ्यांत, जागा मिळेल तिथे उवा तयार होऊ लागल्या.

आणि मग माणसं मरू लागली. विमान नाक खाली करून सूर मारायचं आणि वर यायचंच नाही. पूर्ण आकाराचं विमान फार्नबरोच्या विंड टनेलमध्ये, म्हणजे जोराचा वारा सोडणाऱ्या बोगद्यात, नेऊन तपासलं, तेव्हा कारण कळलं. नाक वर घ्यायला वैमानिक दांडी ओढतो, तसा पुढचा पंख तिरपा होतो आणि त्याची मागची कड मागच्या पंखाजवळ येते. मधल्या फटीतून हवा जोरात वाहते, मागच्या पंखाची उचल वाढते, शेपटीकडचा भाग वर जातो आणि नाक आणखी खाली. म्हणजे माणूस जीव वाचवायला दांडी जितकी ओढेल, तितकं विमान खड्ड्यात. दोन्ही देशांत बंदी आली. मिन्येला मी खलनायक मानत नाही. तो स्वतः हेच विमान उडवत होता, आणि पुढे त्याने आराखडा सुधारलाही. त्याची चूक मला दुसरीकडे दिसते. त्याच्या हातांना जे जमलं, ते हजारो अनोळखी हातांना जमेल असं त्याने धरलं.

इथे कुणीही म्हणेल, म्हणूनच विमान कारखान्यात बनावं! मग तिसरा प्रसंग ऐका. १९५२च्या मे महिन्यात जगातलं पहिलं प्रवासी जेट विमान नियमित सेवेत आलं. कॉमेट. बनवणारी कंपनी डी हॅविलँड. होय, तोच माणूस. तोपर्यंत तो सर जेफ्री झाला होता, आणि कंपनीच्याच विमानांच्या चाचणी-उड्डाणांत त्याने आपली दोन मुलं गमावली होती. १९५४च्या जानेवारीत एक कॉमेट एल्बा बेटाजवळ आकाशातच फुटलं, एप्रिलमध्ये दुसरं इटलीजवळच्या समुद्रावर. फार्नबरोला एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवलं. आत पाणी दाबून भरायचं, दाब सोडायचा, पुन्हा भरायचं. एक फेरी म्हणजे जणू एक उड्डाण. हवेऐवजी पाणी अशासाठी, की फुटलं तरी चिंधड्या उडू नयेत, फुटलेली जागा पाहता यावी. खऱ्या आणि टाकीतल्या मिळून सुमारे तीन हजार उड्डाणांनंतर पत्रा फाटला. धातूचा थकवा, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण बसून पडत गेलेली चीर, खिडकीसारख्या कापलेल्या जागांच्या कोपऱ्यांपाशी.

याच्या पुढचा तपशील मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कंपनीने चाचणी केली नव्हती असं नाही. केली होती, आणि त्यांचा नमुना सोळा हजारांच्या आसपास फेऱ्या टिकला होता! पण त्याच नमुन्यावर आधी नेहमीच्या दुप्पट दाब देऊन पाहिलेला होता. त्या दाबाने कोपऱ्यांचा धातू ताणून पक्का झाला. प्रवाशांच्या विमानांना तो ताण कधी मिळालाच नव्हता. म्हणजे तपासलेलं विमान वेगळं आणि विकलेलं वेगळं.

मिन्येचं आणि कॉमेटचं दुखणं मला इथे एक वाटतं. एक विमान उडवणं वेगळं आणि त्याचं दुसरं, शंभरावं, हजारावं तसंच्या तसं बनवणं वेगळं. प्रत आली की चूकही प्रतीप्रतीत जाते. कारखान्याला प्रकारमान्यतेचं, म्हणजे विमानाचा आराखडाच मंजूर झाल्याचं, प्रमाणपत्र लागतं, प्रत्येक रिव्हेटचा हिशोब लागतो, तो याचसाठी. घरी बांधणाऱ्याचं विमान मात्र एकच असतं आणि त्यात आधी तो स्वतः बसतो. म्हणून अमेरिकेत त्याच्यासाठी नियमही वेगळा आहे: निम्म्याहून जास्त काम हौसेने किंवा शिकण्यासाठी केलेलं हवं, आणि पहिले पंचवीस ते चाळीस तास ठरवून दिलेल्या परिसरातच उडायचं, प्रवासी न घेता.

या मोकळीकीने काय दिलं? बर्ट रुटान या अमेरिकन विमान-आराखडाकाराने १९७५मध्ये फोम कोरून त्यावर फायबरग्लास चढवलेलं व्हॅरिईझ नावाचं विमान उडवलं. साचे नकोत, मोठी यंत्रं नकोत. त्याचे आराखडे घेऊन लोकांनी घरोघरी विमानं बांधली. ११ वर्षांनी त्याचंच व्हॉयेजर कुठेही न उतरता, इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीला फेरी मारून आलं.

आणि क्लॅपमायर बंधू. विस्कॉन्सिनमधल्या एका कोठारात १९८४ साली त्यांनी किटचं, म्हणजे सुटे भाग घेऊन घरी जुळवायचं, विमान बांधायला घेतलं. त्यानंतर वर्षभरात ॲलन क्लॅपमायरच्या विमानाची हवेत दुसऱ्या विमानाशी टक्कर झाली. तो कसाबसा उतरला, दुसरा वैमानिक वाचला नाही. या भावांच्या सिरस कंपनीचं एसआर-२० हे विमान १९९८मध्ये प्रमाणित झालं, तेव्हा त्यात संपूर्ण विमानाला अलगद खाली आणणारं पॅराशूट बसवलेलं होतं, कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक प्रतीत.