कोयता म्हणजे किती माणसं?

नमस्कार मंडळी. मी डीएडच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इथंच साताऱ्यात, म्हणजे अजून बाई झालेली नाही, पण कोरेगाव तालुक्यातल्या एका झेडपीच्या शाळेत आमची छात्रसेवा चालू होती त्यामुळं पोरं मॅडम म्हणायची, आणि पहिल्यांदा म्हणली तेव्हा मी मागं वळून बघितलं होतं कोण आलंय म्हणून. मला आज विषय लिहून दिलाय 'शब्दांचं सामर्थ्य'. जरा वजनदारच आहे. माझ्याकडं त्याच्यावर सांगायला एकच शब्द आहे, कोयता.

पण त्याच्या आधी कोरड्यास.

चौथीत असताना निबंध होता, माझी आई. मी लिहिलं, आई पहाटे उठून भाकरी थापते आणि वांग्याचं कोरड्यास करते. वही परत आली तर कोरड्यासभोवती लाल शाईचा गोल, वर लिहिलेलं 'भाजी' आणि शेजारी 'अशुद्ध'. शाळेचं नाव सांगत नाही, गुरुजी शिकवायचे चांगलं. पण मला वाटलं चूक माझी नाही, आईची आहे, तिला नीट स्वयंपाक येत नसणार. हसू नका, चौथीतल्या पोरीचं डोकं ते. त्यानंतर मी निबंधात आईकडनं कायम भाजीच करून घेतली आणि मार्क चांगले पडले.

डीएडला आले तेव्हाच ठरवलेलं, कुणाच्या घरच्या शब्दाला लाल पेन लावायचं नाही. एकदा ठरवलं की झालं असं वाटतं आपल्याला.

दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू झाले, गावाबाहेर कोप्या म्हणजे झोपड्या उभ्या राहिल्या, बीडकडनं ऊसतोडीची टोळी आली आणि आमच्या तिसरीच्या वर्गात शिक्षण हमी कार्ड घेऊन तीन पोरं वाढली. त्यातला एक वाचायचाच नाही. पुस्तक उघडायचा, बोट फिरवायचा, तोंड बंद. माझ्या पाठ टाचणात उद्दिष्ट झोकात लिहिलेलं, विद्यार्थी परिच्छेदाचे प्रकट वाचन करतो. विद्यार्थी काय करत नव्हता.

एक दिवस पुस्तक ठेवलं बाजूला आणि म्हणलं, उसाच्या फडात काय काय असतं सांगा, मी फळ्यावर लिहिते. ऊस झाला, वाढं झालं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मोळी झाली. मी आपलं पुढं स्वतःच्या हुशारीनं लिहिलं, पाचोळा. तर हा उठला. "पाचोळा नाय ओ मॅडम, पाचट. पाचोळा झाडाचा असतोय." पुसून पाचट लिहिलं. तो फळ्याजवळ आला, एकेका अक्षरावर बोट ठेवलं, पा, च, ट. मग वर सरकून मोळी, मग वाढं. आता कुणी म्हणेल ते वाचन नव्हतं, अंदाज होता. असेल. पण अंदाज लावायला तरी शब्द ओळखीचा लागतो की, आणि पुस्तकातल्या परिच्छेदात होतं कारंजं, त्यानं जन्मात कारंजं बघितलेलं नाही, अंदाज लावणार कशावरनं? दुसऱ्या दिवशी मी त्यातलंच पा आणि ट घेऊन 'पाट' लिहिलं, मुद्दाम काहीच न सांगता. पाण्याचा पाट, म्हणला. तिथं माझी खात्री पटली.

तर फेब्रुवारीत 'माझे घर' यावर पाच ओळी लिहायला दिल्या. त्याची पहिली ओळ, आमच्या घरी एक कोयता आहे. मी लाल पेन सोडलेली ना, म्हणून हिरव्या पेननं कोयत्याला गोल केला आणि लिहिलं, घरातली माणसे कोण ते लिही.

त्यानं वही परत आणली. "लिवलंय की मॅडम. कोयता म्हंजी आई आन् पप्पा."

मंडळी, मी साताऱ्यात वाढलेली, उसाच्या ट्रॉल्या बघत, आणि मला हे माहीत नव्हतं. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. टोळीचा मुकादम आगाऊ पैशांची उचल देतो ती कोयत्यावर. दोन जित्ती माणसं एका हत्याराच्या नावात बसवलीत, आणि पोरानं ते जसं ऐकलं तसं शुद्ध लिहिलं होतं. गोल मी केला होता. गुरुजींचं पेन लाल होतं आणि माझं हिरवं, एवढाच फरक.

याच साताऱ्यात 7 नोव्हेंबर 1900 ला एका पोराचं नाव शाळेच्या रजिस्टरला लागलं, भिवा रामजी आंबेडकर. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल, आणि 2017 पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आणि सावित्रीबाई तर आमच्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. त्यांच्या आणि जोतीरावांच्या पुण्यातल्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे, 14 वर्षांची पोर, तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये तो छापून आला. आमच्या पेपरात हे दोन मार्कांना येतं. पण मला आता त्यातलं एकच आठवत राहतं, की तिच्या घरचं दुःख तिच्या निबंधात शिल्लक राहिलं, त्याची कुणी भाजी केली नाही.

बरं, त्या वहीचं सांगते. हिरवी शाई काय खोडता येत नाही. त्याच्या पाच ओळी परत वाचल्या, कोयता होता, बैल होते, कुत्रं होतं, तो स्वतः कुठंच नव्हता, आणि शाळा सुटल्यावर फडात वाढं गोळा करायला तर जायचा रोज. म्हणलं, खाली एक ओळ तुझी लिही. बराच वेळ पेन्सिल चावत बसला आणि मग लिहिलं, मी पव कोयता.

पाव म्हणायचं होतं. काना राहिला होता, तेवढा मात्र त्याच्याकडनं देऊन घेतला.

नमस्कार.