करडा चालेल, तांबूस नको

[दृश्य: जुलै. कौलांवरून पागोळ्या. ओटीवर पत्र्याचा जुना डबा.]

डबा उघडला की आधी वास येतो. चामड्याचा, थोडा बुरशीचा. आत चामडी पाकिटात घडीचा एक चाकू, मिटला की मुठीत मावणारा. आजोबांचा. ते गेल्यावर घरच्यांनी तो अगदी जपून ठेवला, आणि तिथेच चुकलं.

[जवळून: पात्याच्या बुडाशी तांबूस ठिपके.]

हे ठिपके वापरून पडलेले नाहीत. आजोबा याच चाकूने कैऱ्या कापायचे, सुतळ्या तोडायचे, आमच्या पेन्सिलींना टोकं काढून द्यायचे. काम झालं की पातं धोतराच्या सोग्याला पुसायचं, मिटायचं, खिशात टाकायचं. तेव्हा गंज नव्हता. तो आला पाकिटात. कमावलेल्या चामड्यात क्षार आणि आम्लाचा अंश राहतो, शिवाय चामडं हवेतली ओल धरून ठेवतं. कोकणातल्या पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर, त्यात खारा वारा. अशात पोलाद चामड्यात ठेवलं काय आणि ओल्या फडक्यात गुंडाळलं काय, सारखंच.

[जवळून: भिंगाखाली पात्यावरचा शिक्का.]

बुडाशी भिंग धरलं की एक चांदणी दिसते, शेजारी क्रूस. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्सची ही खूण. उत्तर इंग्लंडमधलं हे शहर चाकू-सुऱ्यांवरच मोठं झालं. टेकड्यांवरून उतरणाऱ्या नद्यांवर पाणचक्क्या, चक्क्यांवर फिरणाऱ्या धारेच्या दगडी चाकांचा खरखराट, आणि कारागिरांची १६२४ साली कायद्याने स्थापन झालेली संस्था. छोट्याशा खोलीत स्वतःच्या हिमतीवर काम करणाऱ्या कारागिराला तिथे ‘लिटल मेस्टर’ म्हणतात. स्टॅन शॉ त्यांतलेच. चौदाव्या वर्षी कामाला लागले आणि उभा जन्म घडीचे चाकू केले. २०२१ साली, वयाच्या ९४व्या वर्षी ते गेले.

रॉजर्सची पेढी मुंबईतही होती. आणि ही मुठीवरची खडबडीत पट्टी? सांबराचं शिंग. आपल्या जंगलात गळून पडलेली सांबरशिंगं बोटीने शेफील्डला जायची, आणि त्यातली काही अशी चाकू होऊन परत यायची. आता ती निर्यात बंद आहे.

हे पोलाद स्टेनलेस नव्हे. स्टेनलेसचाही शोध शेफील्डमध्येच लागला. १९१३ साली हॅरी ब्रिअर्लीने १२.८ टक्के क्रोमियम घालून पोलाद ओतलं. क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन वर न दिसणारा पातळ पापुद्रा धरतो आणि खालचं लोखंड झाकलं जातं. आजोबांच्या चाकूत जवळपास नुसतं लोखंड आणि कार्बन. धार सुरेख लागते, पण अंग उघडं.

[दृश्य: कैरी चिरली जाते. पातं पुसत नाहीत. थोड्या वेळाने पुन्हा तेच पातं.]

बघा. कैरीचं आम्ल लागलं आणि पातं निळसर-करडं झालं. पाहुणा म्हणेल, चाकू खराब झाला. झाला नाही. हाही ऑक्साइडच, पण दाट आणि लोखंडाला चिकटून बसणारा. वर्षानुवर्षांच्या कैऱ्या, लिंबं, कांदे यांनी पात्यावर हा करडा रंग चढतो आणि तोच थोडंफार राखणही करतो. तांबूस गंजाची जातच वेगळी. तो फुगतो, त्याला पोपडे येतात, पोपड्यांत पाणी मुरतं आणि खाली आणखी लोखंड खाल्लं जातं.

म्हणून हात जोडून सांगतो, जुना चाकू बफिंगच्या चाकावर देऊ नका. आरशासारखा चमकून येईल खरा, पण चांदणी आणि क्रूस पुसून गेलेले असतील. गंजण्यापेक्षा झिजणं बरं, हे शाळेच्या फळ्यावर ठीक आहे.

[जवळून: ठिपक्यावर तेलाचा थेंब. तांब्याच्या नाण्याची कड.]

ठिपक्यावर तेलाचा थेंब सोडायचा, रात्रभर मुरू द्यायचा. सकाळी जुन्या ढब्बू पैशाच्या कडेने हलक्या हाताने खरवडायचं. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे गंज निघतो आणि पात्यावर ओरखडा उठत नाही. करडा रंग तसाच राहू द्यायचा. जिथे गंजाने आधीच खड्डा पाडलाय तो खड्डा राहणारच, त्याच्या मागे लागू नये.

मुठीच्या आतले पत्रे पितळेचे. पितळ म्हटलं की आपला हात आपोआप चिंचेकडे जातो. इथे नको. ताकाने कळकलेल्या भांड्यासारखा हिरवा कळंक या पत्र्यांवरही येतो, पण चिंचेचं पाणी फटीत शिरलं की शेजारच्या पोलादी कमानीला, म्हणजे पातं दाबून धरणाऱ्या स्प्रिंगला, धरतं. कोरडी दातकोरणी आणि तेलाचं फडकं पुरे. मुठीच्या टोकांचं जर्मन सिल्व्हर मऊ कापडाने पुसलं तरी उजळतं. नाव सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी मुळीच नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं.

खरी घाण असते सांध्यात. खिशातला कापसाचा भुगा, घाम, जुनं तेल, सगळं मिळून काळं कीट. शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडायचे आणि चाकू उघडमीट करत राहायचं. आधी काळं येतं, मग तपकिरी, मग स्वच्छ. पाण्यात मात्र बुडवायचा नाही, शिंग फुगतं.

[आवाज: टक्.]

ऐकलंत? कमान बसल्याचा आवाज. कीट असताना तो ‘थप्’ असा येत होता.

पात्याला तेल कुठलं? खोबरेल खवट होतं, आणि खवट तेलात आम्ल तयार होतं. शेंगदाण्याचं चिकट होतं. मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मागा, बद्धकोष्ठावर देतात ते. दुकानदार पोटाची चौकशी करेल, करू दे. बोटभर तेल लावून पुसून घ्यायचं, ओघळ दिसता कामा नये. ठेवायचा तो सुती कापडात, जवळ बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी. आणि संग्रहात जुन्या सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकच्या, मुठीचा एखादा चाकू असेल तर तो वेगळ्या खोलीत. जुनं सेल्युलॉइड विघटत जातं, त्यातून सुटणाऱ्या वायूंनी त्या चाकूचं पातं तर गंजतंच, शेजारच्यांचंही गंजतं.

[दृश्य: स्वयंपाकघराचा खण. चाकू बाहेर येतो, पात्यावरून बोट फिरतं.]

आता हा डब्यात जात नाही. इथे खणात असतो, आंबा-कैरीला निघतो. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तेलाचा हात फिरवायचा असं ठरवलंय. यंदा दोनदा विसरलो. बुडाशी नवा ठिपका आलाय, मोहरीएवढा. तो ढब्बू पैसा कुठे ठेवला, शोधतोय.