एकाच होडीवर दोन कान

(सोलापुरातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘होडीवर एकापेक्षा जास्त फिश फाइंडर’. फिश फाइंडर म्हणजे पाण्याखालचा मासा आणि तळ पडद्यावर दाखवणारं यंत्र. मघाशी दारात एका काकांनी मला अडवलं. म्हणाले, नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतंय आणि तुम्ही होडीवर बोलणार? काका, बोलणार. तुमच्या नळाचं पाणी जिथून येतं, तिथल्याच होड्यांवर बोलणार. बसा पुढे, इथं पंखा आहे.

उजनी आपल्याला पेपरातल्या आकड्यांतून माहीत. धरण प्लसमध्ये, धरण मायनसमध्ये. ११७ टीएमसीचं धरण, त्यातला जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा. पण पाणी उतरलं म्हणजे होडीवाल्याचं काय होतं, ते पेपरात येत नाही. १९८० साली धरण पुरं झालं आणि भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी ओसरलं की वर येतं, आपण गाड्या काढून बघायला जातो. न दिसणारं कितीतरी खालीच आहे. घरांची जोती, विहिरींचे कठडे, बांध, बाभळी. गेल्या महिन्यात ज्या बाभळीवरून जाळं सुखरूप गेलं, तीच बाभूळ पाणी दहा फूट उतरल्यावर जाळं धरते. जाळं फाटलं की त्या घराचा आठवडा फाटला. मासा दिसो न दिसो, तळ दिसलाच पाहिजे, हा माझा हट्ट त्यातून आलाय.

यंत्राचं काम सोपं आहे. होडीच्या बुडाशी ट्रान्सड्यूसर असतो, तोच त्याचं तोंड आणि तोच कान. तो पाण्यात आवाज सोडतो. आपल्याला ऐकू न येणारा, सेकंदाला दोन लाख कंपनांचा. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १४८० मीटर धावतो. पंधरा मीटर खोल जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो. किती वेळात परतला, त्यावरून खोली. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यावर आपटूनही आवाज परततो. जपानात फुरुनो बंधूंनी १९४८ साली मच्छीमारांना खरोखर वापरता येईल असं यंत्र केलं. त्यांचा मूळ धंदा बोटींवरची विजेची कामं. माझं आयुष्य रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत गेलं, म्हणून ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

मग दोन यंत्रं कशाला? ट्रान्सड्यूसर बहुधा मागे, इंजिनाशेजारी बसवतात. त्याला बाभूळ दिसते तेव्हा होडीचं नाक ती ओलांडून गेलेलं असतं, आणि जाळं टाकणारा माणूस पुढे उभा असतो. सुकाणूवाल्याला मागचं लागतं, जाळंवाल्याला पुढचं. म्हणून दोन.

माझा मेहुणा उजनीवर मासेमारी करतो. चार वर्षांपूर्वी आम्ही दोन यंत्रं घेतली. दुकानदार म्हणाला, एकच मॉडेल घ्या, जोडीत स्वस्त पडेल. घेतली. बसवली. पहाटे पाण्यात गेलो, दोन्ही चालू केली आणि मागच्या पडद्यावर पावसाची सर यावी तशा ठिपक्यांच्या तिरप्या रेघा सुरू झाल्या. तळाची जाड पट्टी त्यात हरवलीच. माशांची चित्रं काढायची सोय चालू होती. तिला मधल्या पाण्यात ठिपका दिसला की ती मासा काढते. पडदा माशांनी गच्च भरला! मेहुणा खुशीत. जाळं टाकलं, चार चिलापी. पुन्हा टाकलं, नुसतं शेवाळ. तिसऱ्यांदा टाकलं ते बाभळीत गेलं आणि दोन हात फाटलं. त्या दिवशी तो माझ्याशी बोलला नाही. त्याच्या बायकोनं भाकरी वाढली, तीही न बोलता.

दोन्ही यंत्रं पिशवीत घालून दुकानात गेलो. दुकानदारानं एक चालू केलं, बंद केलं. मग दुसरं चालू केलं, बंद केलं. म्हणाला, यंत्रं ठणठणीत, तुमच्या पाण्यात दोष आहे. मी तीन फेऱ्या मारल्या. तिन्ही वेळा पाण्यातच दोष! मला आजही याचा राग आहे. पैसे गेले त्याचा नाही. दोन्ही एकदम चालू करून बघा एवढं मी सांगत होतो, तेवढं एकदाही केलं नाही.

उलगडा झाला तो मोबाइलमुळे. एका संध्याकाळी मेहुण्याचा फोन बंद पडत आला. त्यानं पुढच्या यंत्राची वायर काढून तिथं चार्जर लावला आणि मागून माझ्या अंगावर ओरडला, “दाजी, तळ आला बघा!” पडदा स्वच्छ. तळाची पट्टी, तिच्यावर उभी बाभूळ, फांद्यांत दोन कमानी. खरे मासे. मी त्याला म्हटलं, वायर परत लाव. लावली, की रेघा हजर.

माझे वडील लक्ष्मी-विष्णू गिरणीत होते. घरात बसून ते सांगायचे, हा आपला भोंगा, हा दुसऱ्या गिरणीचा. आवाज वेगळा म्हणून माणूस आपल्या पाळीला जायचा. सगळ्या गिरण्यांनी एकच भोंगा लावला असता तर? आमच्या होडीवर तेच झालं होतं. दोन्ही यंत्रांचा आवाज २०० किलोहर्ट्झचा, म्हणजे तोच सेकंदाला दोन लाख कंपनांचा. पुढच्याची हाक मागच्याच्या कानात, आणि त्याला वाटतं आपलाच प्रतिध्वनी. दोघांच्या हाकांमधलं अंतर जरासं वेगळं असतं, म्हणून परका ठिपका दर वेळी थोडा सरकतो आणि त्याची तिरपी रेघ होते. तळ सरकत नाही. हीच ओळख.

(चिठ्ठी आलीय. सात मिनिटं? पत्रिकेवरचा विषय तर आत्ता सुरू होतोय. बरं.)

तर भराभर सांगतो. आवाज वेगळे ठेवा. मागचं ८३ किलोहर्ट्झवर, पुढचं २०० वर. ८३ चा झोत रुंद, साधारण साठ अंशांचा, म्हणजे पंधरा मीटर खोलीवर सतरा मीटर तळ दिसतो, पण ढोबळ. २०० चा झोत वीस अंशांच्या आसपास, तेवढ्याच खोलीवर पाच मीटर, पण बारकाईनं. मागच्यानं शोधा, पुढच्यानं जाळं टाका. चर्प प्रकारचं, म्हणजे एकाच आवाजाऐवजी कंपनांचा अख्खा पट्टा सोडणारं यंत्र असेल तर दोघांचे कंपनांचे पट्टे एकमेकांवर चढू देऊ नका.

एकाच कंपनीची आणि केबलनं जोडता येणारी यंत्रं मिळाली तर आणखी उत्तम. मग एका वेळी एकाच ट्रान्सड्यूसरला बोलू द्यायचं, चित्र दोन्ही पडद्यांवर. आणि दुसऱ्या पडद्यावर नुसता नकाशा बघायचा असेल तेव्हा त्याचा सोनार, म्हणजे आवाज सोडणं, बंद करा, ही सोय बहुतेकांत असते.

गडबड कमी करणारा फिल्टर असतो. लागोपाठच्या हाकांत जे पुन्हा येत नाही ते तो पुसतो. फार चढवलात तर लहान मासाही पुसला जाईल. तसा लहान मासा दिसला तरी सोडायचाच आहे. बारीक छिद्रांच्या जाळ्यांनी उजनीचं काय केलंय ते मी पुढच्या वेळी, वेळ दिलात तर.

वायरी. प्रत्येक यंत्राला बॅटरीपासून स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र फ्यूज. इंजिनाच्या वायरींबरोबर ट्रान्सड्यूसरची केबल बांधू नका. केबल लांब झाली म्हणून कापू नका. इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याच्या फेसापासून ट्रान्सड्यूसर बाजूला ठेवा, बुडबुड्यांतून त्याला काही दिसत नाही.

आणि रेघा दिसल्या तर दुकान गाठण्याआधी एक यंत्र पूर्ण बंद करून बघा. रेघा गेल्या तर कारण होडीवरच आहे.

दुसरी चिठ्ठी आली. बाहेर व्हरांड्यात पाण्याचं पिंप भरून ठेवलंय, त्यात तीच दोन यंत्रं सोडलीत. पिंपात खोली काही नीट दिसायची नाही, पण रेघा दिसतील. काका, वायर तुम्ही काढा.