विषयपत्रिकेवर बिबट्या नाही

मंडळी, मी जंगलातला माणूस नव्हे. महापालिकेच्या घनकचरा खात्यात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. कुठली महापालिका ते सांगत नाही, पेन्शन अजून चालू आहे. वन्यजीवांवर बोलायला दुसरा कुणी बघा, असं आयोजकांना म्हटलं. ते म्हणाले, तुमच्या त्या गोणीची गोष्ट सांगा. तेव्हा आधी गोणीच.

पावसाळ्याचे दिवस होते, सकाळची पाळी. बाजारामागच्या कुंडीवर कॉम्पॅक्टर, म्हणजे कचरा दाबून भरणारी गाडी, लागलेला. आमचा कामगार गोणी उचलून मागच्या तोंडात टाकणार, तेवढ्यात ती आतून खडखडली. करवंट्या असतील म्हणून त्याने सुतळी सोडली, तर आत बशीएवढी कासवं. पाठीवर पिवळ्या चांदण्या काढाव्यात तशी नक्षी. तेवीस निघाली, त्यांतली दोन मेलेली. बाजारात छापा पडणार अशी आदल्या रात्री कुजबूज होती. कुणीतरी माल कुंडीत टाकून हात झटकले होते.

मी पोलीस चौकीला फोन लावला. हवालदार म्हणाले, प्राण्यांचं आहे, फॉरेस्टला कळवा. फॉरेस्टवाले म्हणाले, येतो, पण पंचनाम्याआधी काही हलवू नका. मागे ड्रायव्हर हॉर्न मारतोय, कारण डंपिंगच्या वजनकाट्यावर खेप वेळेत लागली नाही तर ठेकेदाराला दंड. शेवटी गोणी आमच्या हजेरीच्या चौकीत नेली. कासव म्हणजे पाण्यातलं, अशी सगळ्यांची समजूत. पोरांनी मायेने घमेली भरून कासवं त्यांत सोडली. अडीच वाजता वनरक्षक आला तो ओरडतच, "अहो साहेब, ही जमिनीवरची आहेत, बुडतील!"

त्या हवालदारांना मी बरीच वर्षं नावं ठेवली. पुढे कायदा वाचला तेव्हा राग थोडा उतरला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम ५० आहे. त्याप्रमाणे उपनिरीक्षक किंवा त्याच्या वरचा पोलीस अधिकारी झडती घेऊ शकतो, माल जप्त करू शकतो, अटकही करू शकतो. पण कलम ५५ म्हणतं की कोर्ट दखल घेणार ती वनखात्याच्या किंवा कायद्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या, नाहीतर साठ दिवसांची नोटीस दिलेल्या नागरिकाच्या तक्रारीवर. नुसतं पोलिसांचं दोषारोपपत्र चालत नाही. मग ज्या प्रकरणात आरोपी 'अज्ञात' आणि मुद्देमाल चालता-बोलता, ते अंगावर कोण घेणार? शिक्षा काही किरकोळ नाही, पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सर्वांत जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यासाठी तीन ते सात वर्षं. आमच्या गोणीपायी मात्र कुणी एक दिवसही आत गेलं नाही.

कासवांची बातमी छापून आली आणि त्याच आठवड्यात सर्वसाधारण सभा होती. एका नगरसेविकाबाईंनी विषय काढला: बाजाराच्या कुंडीवर कॅमेरा लावा, आणि रात्री कोण काय टाकतं ते पोलिसांना कळवण्याची जबाबदारी एका माणसावर द्या. मागच्या बाकावरून आवाज आला, "कासवांना मालमत्ता कर लावा!" सभागृह हसलं. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. मग पीठासनावरून उत्तर आलं, वन्यप्राणी हा महापालिकेचा विषय नाही. सूचना दफ्तरी दाखल.

कागदावर ते उत्तर चूक नव्हतं. मुंबईचा १८८८ चा अधिनियम घ्या नाहीतर बाकी महापालिकांचा १९४९ चा. बंधनकारक कामांच्या यादीत कचरा आहे, वन्यप्राण्यांचे गुन्हे नाहीत. पण २००२ चा जैवविविधता कायदाही आहेच. त्याच्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते. वर्षानुवर्षं कुणाला तिची आठवण नव्हती. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, नाही केलंत तर राज्याला महिन्याला दहा लाख भरावे लागतील म्हणून सांगितलं, आणि मग समित्यांचे ठराव धडाधड झाले. समितीने ठेवायच्या जैवविविधता नोंदवहीत झाडं, पक्षी, फुलपाखरं आली. कचराकुंड्यांचा नकाशा त्या नोंदवहीशेजारी ठेवून कुणी बघितल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

आता बिबट्या. अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबाने खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के. आपल्याकडे कुत्री कुणाच्या जिवावर जगतात? आमच्या, म्हणजे कुंड्यांच्या. हॉटेलातली हाडं, चिकनवाल्याची आतडी, लग्नाच्या हॉलमधला उरलेला भात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीला लागून वस्ती, वस्तीच्या तोंडाशी कुंडी, कुंडीवर कुत्री. बिबट्याने आणखी कुठे जायचं?

आणि बिबट्या दिसला की लोक काय मागतात? पिंजरा. जुन्नर भागात २००१ नंतर पिंजरे लावून बिबटे धरले आणि लांबच्या जंगलांत सोडले. हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले, सोडलेल्या जागांच्या आसपासही. मुंबईच्या उद्यानाभोवती २००२ ते २००४ मध्ये बिबट्यांचे जे हल्ले झाले ते इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. तरी बिबट्या दिसला की फोन पिंजऱ्यासाठीच जातो. कुंडीसाठी फोन आलेला मला एकही आठवत नाही. माझा नंबर मात्र भिंतीवर रंगवलेला होता.

गुन्हा यात कुठे येतो? उकिरड्यावर रानडुकरं येतात. त्यांच्यासाठी कुणी गाडीच्या क्लच वायरचा फासा लावतो, आणि त्यात कंबर अडकते बिबट्याची. "डुकरासाठी लावला होता," असं सांगितलं जातं. कायद्याने तीही शिकारच. वनखातं फासे शोधत फिरतं, पण तो उकिरडा मुळात तिथे का, हे वनखातं कुणाला विचारू शकत नाही.

मुंबईतल्या कांजूरमार्गच्या डंपिंगचं प्रकरण तुम्ही वाचलंच असेल, लांबवत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पाणथळ जागी आणि किनारपट्टीच्या नियंत्रित क्षेत्रात कचऱ्याचा भराव करायला मनाई केलेली. इथे डंपिंगच्या पलीकडे ठाण्याची खाडी, २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने डंपिंगची ११९.९१ हेक्टर जमीन संरक्षित वन ठरवली, मग सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. मुंबईत त्या वेळी नगरसेवकच नव्हते. मार्च २०२२ मध्ये मुदत संपलेली, कारभार प्रशासकाकडे. एवढ्या मोठ्या विषयावर सभागृहात भांडायलासुद्धा कुणी नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. आमच्या सभागृहात निदान हसले तरी होते.

माझ्याकडे जंगलाच्या कडेचा एक वॉर्ड होता. तिथली कुंडी सकाळी आठला उचलली जायची, म्हणजे हॉटेलं बंद झाल्यापासून सगळी रात्र ती भरलेली. मी प्रस्ताव दिला की ही एक खेप रात्री अकराला करा. जादा भत्ता, डिझेल, डंपिंगचा काटा रात्री उघडा ठेवायचा की नाही, असे शेरे पडत पडत फाईल तीनदा फिरून 'फेरविचारासाठी' परत आली.

आमचा मुकादम मात्र खमक्या होता. त्याने कुणाला न विचारता दुसऱ्या वॉर्डाच्या रात्रीच्या गाडीला तिथून वळसा घालायला लावला. ड्रायव्हरला चहा-वडापाव स्वतःच्या खिशातून. महिन्याभरात कुत्री पांगली, दोन-तीन उरली. वॉचमन म्हणाला, "जनावर हल्ली येत नाही." हा काही अभ्यास नव्हे, वॉचमनचं म्हणणं तेवढं सांगतो. दोन वर्षं ते असंच बिनकागदाचं चाललं.

पुढे मुकादम निवृत्त झाला, नंतर मीही. गेल्या महिन्यात लग्नाला जाताना त्या रस्त्याने गेलो. सकाळचे साडेसात, कुंडी काठोकाठ भरलेली. गाडीतून मोजली तेवढी कुत्री अकरा.